गिअरच्या दातातलं दहावीचं विज्ञान

पिंपरी, भोसरी, आकुर्डी, चाकण या पट्ट्यातल्या मुलांना विज्ञान पाठ करावं लागतं, हे मला पटत नाही. दहावीच्या विज्ञान भाग 1 मधले 'उष्णता', 'विद्युतधारेचे परिणाम' आणि 'धातुविज्ञान' हे धडे इथल्या कारखान्यांत तिन्ही शिफ्टमध्ये चालू असतात.

मोटरसायकलचा गिअर घ्या. त्याचे दात वरून कठीण हवेत, नाहीतर झिजतील. आतून चिवट हवेत, नाहीतर झटक्याने तुटतील. मूळ पोलादात कार्बन जेमतेम 0.2 टक्के. असा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, कार्बन पुरवणाऱ्या वायूच्या भट्टीत 900 ते 950 अंश सेल्सिअसला काही तास ठेवतात. इतक्या उष्णतेत लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि मधल्या फटींत कार्बन शिरतो. शिरतो तोही वरच्या मिलिमीटरभर थरातच. तिथे त्याचं प्रमाण 0.8 टक्क्यांच्या आसपास जातं. मग तापलेला जॉब तेलात बुडवतात. निवताना लोखंड जुन्या मांडणीकडे वळू लागतं, पण अडकलेल्या कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्यामुळे मांडणीत जो ताण राहतो, त्यानेच दात कठीण होतो. गाभ्यात कार्बन कमी, म्हणून तो चिवट राहतो. लोहार विळ्याला पाणी देतो, त्यामागचं शास्त्र हेच.

मग गिअरला तेल का? उकळताना एक ग्रॅम पाणी सुमारे 540 कॅलरी अप्रकट उष्मा ओढून घेतं. जॉब इतक्या झपाट्याने आणि असमान निवतो की दाताच्या मुळाशी तडा जाण्याची भीती असते. तेल बेताने उष्णता घेतं. पुढे 150 ते 200 अंशांना पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करतात.

पेंट शॉपमधलं सीईडी, म्हणजे विजेच्या साहाय्याने रंग चढवणं, तर मला सगळ्यात देखणं वाटतं. मोटारीचा अख्खा सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून ऋणाग्र करतात. टाकीत बहुतांश पाणीच, आणि रंगाचे कण धनप्रभारित. ते सांगाड्याकडे ओढले जातात. तिथे पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो, हायड्रॉक्साइड आयन वाढतात, कणांचा प्रभार जातो आणि ते पत्र्याला चिकटतात. थर जाड झाला की रोध वाढतो. मग विद्युतधारा उघड्या पत्र्याकडे वळते. म्हणून दाराच्या आतल्या पोकळीतही सुमारे 20 मायक्रॉनचा जवळपास सारखा थर बसतो. ब्रश तिथे पोचलाच नसता. ओहमचा नियम शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

रसायनशास्त्र इथे आणखी जुनं आहे. एमआयडीसी स्थापन झाली 1962 साली; त्याआधीच, 1955 पासून, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये बुरशीपासून पेनिसिलिन तयार होत होतं.

चिंचवडच्या सायन्स पार्कला शाळेची सहल जाते, ती जावीच. पण हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये काम करणाऱ्या पालकांना एक विनंती: कंपनीच्या परवानगीने भंगारात निघालेले दोन गिअर शाळेला द्या, एक भट्टीत जाण्याआधीचा आणि एक नंतरचा. शिक्षकांनी मुलांच्या हातात कानस द्यावी. पहिल्या गिअरवर ती चावेल, दुसऱ्यावरून घसरेल. धडा तिथून सुरू करा.