नाणेघाट ते नाईल : परदेश सहलीचा करार

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता झाली, की जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव येथील व्यापारी घरांतून प्रवासाचे बेत आकार घेऊ लागतात. एके काळी हे बेत शिखरजी, पालिताणा किंवा श्रवणबेळगोळपर्यंत जात. आता तीर्थयात्रेच्या जोडीला परदेशातील सामूहिक सहलीही आल्या आहेत. त्यांपैकी इजिप्तची सहल वैविध्यपूर्ण. कैरो आणि अलेक्झांड्रिया ही शहरे, नाईल नदीतील जलप्रवास, लक्सरपासून पूर्वेकडे पसरलेले वाळवंट आणि अखेरीस तांबड्या समुद्राचा किनारा, असा तिचा साधारण क्रम असतो.

या मार्गाशी जुन्नरचा संबंध मात्र दोन हजार वर्षांचा आहे. सातवाहनकाळी जुन्नरचा माल नाणेघाट उतरून कल्याण आणि सोपारा या बंदरांकडे जाई. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या दोन्ही बंदरांचा उल्लेख आढळतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी व्यापार करणारी जहाजे मोसमी वाऱ्यांच्या साह्याने तांबड्या समुद्रातील बंदरे गाठत. तेथून माल उंटांवर लादून वाळवंटापार नाईलकाठच्या कोप्टोस नगरीत नेला जाई आणि पुढे नदीमार्गे अलेक्झांड्रियास पोहोचे. किनारा, वाळवंट आणि शहर, असा तो आजच्या सहलीचाच मार्ग होता, केवळ दिशा उलट.

त्या मार्गावरील व्यवहाराचा एक अस्सल दस्तऐवज आजही उपलब्ध आहे. दुसऱ्या शतकातील हा पपायरस व्हिएन्ना येथील राष्ट्रीय ग्रंथालयात असून १९८५ मध्ये अभ्यासकांनी तो प्रसिद्ध केला. केरळच्या मुझिरिस बंदराशी चालणाऱ्या व्यापारासाठी घेतलेल्या कर्जासंबंधीचा हा करार. तांबड्या समुद्रावर उतरलेला माल उंटवाल्याच्या स्वाधीन करणे, पहाऱ्यात वाळवंट पार करून तो कोप्टोसच्या जकात वखारीत धनकोच्या शिक्क्याखाली ठेवणे, नदीतून अलेक्झांड्रियाच्या वखारीत पोहोचवणे आणि चतुर्थांश जकात भरणे, हे सारे त्यात टप्प्याटप्प्याने नोंदवलेले आहे. मुदतीत कर्ज न फिटल्यास तारण मालावर धनकोचा अधिकार राहील, हेही स्पष्ट आहे. कोणत्या टप्प्यावर जबाबदारी कोणाची, याविषयी संदिग्धता ठेवलेली नाही.

आपल्या पेढीवर पावतीशिवाय पोतेही न उचलणारे गृहस्थ सहलीच्या बाबतीत मात्र रंगीत पत्रकावरील दोन शब्दांवर विश्वासून लाखो रुपये भरून मोकळे होतात. ते दोन शब्द म्हणजे ‘जैन भोजन’. सहल कंपनीच्या लेखी त्यांचा अर्थ कधी कधी केवळ मांसाहाररहित जेवण एवढाच असतो. कोशरी हा इजिप्तचा लोकप्रिय पदार्थ पाहावा. भात, मसूर, मॅकरोनी आणि हरभरे यांचा तो पूर्ण शाकाहारी पदार्थ. तरीही त्यावर तळलेला कांदा आणि लसणाचे आंबट पाणी असतेच. दुसरा प्रश्न वेळेचा. डिसेंबरात कैरोमध्ये सूर्यास्त सायंकाळी पाचच्या सुमारास होतो, तर नाईलवरील जहाजांत रात्रीचे जेवण बहुधा सात-आठ वाजता मांडले जाते. चौविहार पाळणाऱ्याच्या दृष्टीने ते जेवण असून नसल्यासारखेच.

अशा वेळी कसोटी लागते ती घरातील वडीलधाऱ्यांची. खाकरा, चिवडा आणि सुकामेव्यावर एक-दोन दिवस निघतात; पुढे अशक्तपणा जाणवू लागतो. मुले काकुळतीने म्हणतात, ‘मम्मी, चार दिवस चालवून घ्या ना.’ पन्नास वर्षे जपलेला नियम मोडावा, की मुला-नातवंडांच्या आनंदावर विरजण घालावे, अशा पेचात ती माउली सापडते. मुलांनी हौसेने केलेला खर्च तिच्या मनावर ओझे होऊन बसतो. या पेचाचे मूळ बहुधा अपुऱ्या करारातच असते.

म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच काही गोष्टी लेखी घ्याव्यात. स्वयंपाकी गटाबरोबर येणार, की स्थानिक हॉटेलवर भिस्त राहणार? जहाजावरील स्वयंपाकघर त्यास वापरता येईल काय? नसेल, तर त्या दिवसांची व्यवस्था काय? लक्सरहून किनाऱ्याकडे जाताना वाळवंटातील बसप्रवासाच्या दिवशी सूर्यास्तापूर्वीचे भोजन कोठे मिळेल? उकळलेले पाणी मिळेल काय? ठरल्याप्रमाणे सोय न झाल्यास किती रक्कम परत मिळेल? सहल रद्द झाल्यास कपात किती आणि वैद्यकीय विम्यात पूर्वीचे आजार धरले आहेत काय, हेही पाहावे. परदेश सहलीच्या रकमेवर जीएसटीखेरीज टीसीएस आकारला जातो. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलत आले असल्याने भरणा करतेवेळी चालू दर विचारावा. ही वसुली पॅन क्रमांकावर जमा होते आणि विवरणपत्र भरताना करातून वळती करून घेता येते किंवा परत मागता येते. ती खर्चात धरून विसरून जाऊ नये.

समुद्रापार जावे की नाही, हा वाद समाजाला नवा नाही. १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी तथा आत्मारामजी महाराजांना आले. साध्वाचारामुळे त्यांना जाणे शक्य नव्हते. त्यांचे प्रतिनिधी म्हणून वीरचंद राघवजी गांधी गेले. सागरगमनाबद्दल त्यांना स्वकीयांचा रोष पत्करावा लागला. परंतु अमेरिकेत राहूनही त्यांनी आपला शाकाहार आणि आपली पगडी सोडली नाही. श्रावकाच्या व्रतांतील दिग्व्रतही प्रवासास सरसकट मनाई करीत नाही. आपण कोणत्या दिशेने किती दूर जाणार, याची मर्यादा आधीच निश्चित करावी, असे ते सांगते.

ही मर्यादा केवळ अंतराची नसते. पिरॅमिडच्या पायथ्याशी उन्हात उभे असलेले उंट आणि घोडे पाहिले, की सवारी नाकारणे हाही यात्रेचा भाग होतो. किनाऱ्यावर काचेच्या तळाच्या नावेतून प्रवाळ पाहता येतात. ते तोडण्याची किंवा विकत घेण्याची गरज नाही. मुझिरिसच्या त्या पपायरसच्या मागील बाजूस मांडलेल्या मालाच्या हिशेबात हस्तिदंतही होता. आजच्या जैन प्रवाशाच्या सामानात त्याला स्थान नाही.

याच कहाणीची दुसरी बाजू जुन्नरच्या लेण्यांत कोरलेली आहे. तेथील लेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. तीन ‘यवन’ दात्यांचीही नावे आहेत. त्यांपैकी चिट नावाच्या यवनाने दान केला तो भोजनमंडप. जुन्नरच्या भूमीत स्वतःला यवन म्हणवणाऱ्या त्या माणसाने भिक्षुसंघाच्या भोजनाची चिंता वाहिली.

विमानाची तिकिटे हाती आल्यावर एखाद्या रविवारी दुकान बंद ठेवून मुलांना नाणेघाटात न्यावे. माथ्यावरच्या रांजणाजवळ उभे राहून कोकणाकडे उतरणारी ती दगडी वाट त्यांना दाखवावी. इजिप्तची सहल तेथून सुरू होते, एवढे सांगितले तरी पुरे.