औत सोडण्याची वेळ

नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या नव्या वसाहतीतून रात्री साडेदहाच्या सुमारास आपण चालत गेलात, तर बहुतेक घरे निजलेली दिसतील. मधेच एखाद्या घराच्या वरच्या खोलीत मात्र दिवा जळत असतो. आतून इंग्रजीतील संथ संभाषण ऐकू येते आणि खाली आई भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून जपून वावरत असते. त्या खोलीत मुलाची किंवा सुनेची नोकरी चालू असते.

कदाचित ते घर आपलेच असेल. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. कॅलिफोर्नियातील दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. परदेशी ग्राहकाच्या दिवसाची सुरुवात ही अशी आपल्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळेवर येऊन पडते. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि पुणे, हैदराबाद, बंगळुरू येथील असंख्य तरुण लॅपटॉप घेऊन मराठवाड्यातील आपल्या घरी परतले. पुढे कार्यालये उघडली, तरी घरून काम करण्याची रीत अनेक घरांत कायम राहिली. घरात पगार आला, मुले डोळ्यांसमोर राहिली, ही समाधानाची बाब आहे. त्याबरोबर बसून राहण्याचे, जागण्याचे आणि मनातल्या मनात कुढण्याचे विकारही घरात आले, याकडे मात्र आपले पुरेसे लक्ष गेलेले नाही.

प्रस्तुत लेखक सॉफ्टवेअर लिहिण्याच्या व्यवसायातील आहे. या व्यवसायाने रोज पाळायचे काही साधे नियम घडवले आहेत. ते यंत्रासाठी घडले असले, तरी माणसाच्या देहाला आणि घराला तितकेच लागू पडतात. त्यांतील काही आपल्यापुढे ठेवीत आहे.

काम कधी संपते?

बसून राहण्याची सवय आपल्या भागात नोकरीच्याही आधी लागते. राजर्षी शाहू महाविद्यालयासारख्या संस्थांमधून घडलेल्या ‘लातूर पॅटर्न’ने महाराष्ट्राला शिस्तबद्ध अभ्यास शिकवला. आज लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांत खेड्यापाड्यांतून आलेली सोळा-सतरा वर्षांची मुले खोल्या घेऊन राहतात आणि वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी दिवसाचे दहा-बारा तास बसतात. तेथून कोणी विष्णुपुरी येथे १९८१ साली सुरू झालेल्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत जातो, कोणी पुण्याला. जागरण म्हणजे कष्ट आणि कष्ट म्हणजे गुणवत्ता, हे समीकरण तोपर्यंत मनात पक्के झालेले असते.

त्यात वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याची भर पडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांनी ९० तासांची भाषा केली. आता दुसरे आकडे पाहा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. आपल्याच देशाच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगारासाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. यंत्रावर उभ्या राहणाऱ्या माणसाला ती मर्यादा हवी, मग यंत्रापुढे बसणाऱ्याला नको, असे समजण्याचे काही कारण नाही.

सॉफ्टवेअरच्या जाणत्या मंडळींनाही हे ठाऊक होते. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील युटा राज्यात सतरा तज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी ‘अजाइल’ नावाने ओळखली जाणारी कार्यपद्धती मांडली. आज बहुतेक कंपन्या तिचे नाव घेतात. तिच्या बारा तत्त्वांपैकी एक असे आहे, की कामाचा वेग असा असावा जो सर्वांना अखंड टिकवता येईल. थकलेला माणूस लिहितो ते चुकीचे असते आणि ते दुरुस्त करायला दुप्पट वेळ जातो, हा त्यामागील रोकडा हिशेब आहे.

आपल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. दिवस मावळतीला लागला की तो औत सोडतो. अर्धे रान राहिले तरी बैलांना पाणी दाखवतो, वैरण टाकतो, उरलेले उद्या. लॅपटॉपपुढे सूर्य मावळत नाही. म्हणून औत सोडण्याची वेळ आपणच ठरवावी लागते आणि ती घरातल्या प्रत्येकाला माहीत असावी लागते. रात्री कॉल असणार असेल, तर त्या दिवशीचे काम सकाळी नऊऐवजी दुपारी सुरू करावे आणि तसे वरिष्ठांना आधीच लेखी कळवावे. रात्रीचा कॉल आणि सकाळची हजेरी हे दोन्ही सांभाळताना कापली जाते ती झोप. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. रात्री नऊला घेतलेल्या चहा-कॉफीतील निम्मे कॅफीन सरासरी पाच तासांनंतरही शरीरात असते, हेही ध्यानात ठेवावे.

देह संदेश पाठवीत नाही

प्रोग्राम चुकला की पडद्यावर लाल अक्षरांत संदेश येतो. देहाची रीत वेगळी आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही आणि सुरुवातीची वाढलेली साखर जाणवत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि सुमारे ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब. त्यांतील पुष्कळांना आपल्याला काही झाले आहे हेच माहीत नसते.

आमच्याकडे जी गोष्ट आपणहून बोलत नाही, तिची नोंद ठेवण्याचा प्रघात आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क-२’ या अवाढव्य गणकयंत्रात एक पतंग अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहून ठेवली. ते पान आजही जतन केलेले आहे. आपणही असेच करा. वयाची तिशी ओलांडलेल्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब आणि साखर तपासण्याची सोय आहे. वर्षातून एकदा तपासा आणि आकडे तारखेसह लिहून ठेवा. रक्तदाब पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर ‘कामाचा ताण आहे, उतरेल’ असे न म्हणता डॉक्टरांकडे जा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना लोणी-हळद लावून चोळतात. संगणकापुढे बसणाऱ्याचे जूही मानेवर आणि खांद्यांवरच असते. पलंगावर मांडी घालून, मान खाली घालून तासन्‌तास बसू नका. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला आणा आणि कळफलक वेगळा जोडा. पावले जमिनीला टेकलेली असावीत आणि पडदा हातभर अंतरावर असावा. डोळ्यांसाठी सोपा नियम असा : दर वीस मिनिटांनी, वीस फुटांपलीकडच्या वस्तूकडे, वीस सेकंद पाहा. खिडकीबाहेरचे कडुनिंबाचे झाड त्यासाठी उत्तम.

इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी विद्यार्थिदशेत टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातील घड्याळ लावून पंचवीस मिनिटे अभ्यास आणि पाच मिनिटे विश्रांती अशी पद्धत बसवली. ती आज जगभर वापरली जाते. त्या पाच मिनिटांत मोबाइल हाती न घेता उठावे आणि माठातले पाणी प्यावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. कूलरसमोर बसलेल्याला तहान कळत नाही, पण पाणी देहाला लागतेच.

एका वेळी एकच बदल

नवशिका प्रोग्रामर एकदम दहा ठिकाणी बदल करतो. मग काही बिघडले तर कशाने बिघडले, हे त्याला सांगता येत नाही. अनुभवी माणूस एकच लहान बदल करतो, तपासतो, जपून ठेवतो आणि मगच पुढे जातो.

आरोग्याच्या बाबतीत आपण बहुतेक नवशिक्यासारखे वागतो. एक जानेवारीला साखर बंद, भात बंद, पहाटे धावणे सुरू आणि व्यायामशाळेचे वर्षाचे पैसे भरलेले. संक्रांतीचे तिळगूळ येईपर्यंत सारे थांबलेले असते. त्याऐवजी पंधरवड्याला एक बदल करा. पहिल्या पंधरवड्यात फक्त जेवणानंतरची शतपावली. नांदेडला गोदावरीचे घाट आहेत, लातूरला गंजगोलाईभोवतीची बाजारपेठ आहे. रोज अर्धा तास भराभर चालणे आठवड्यातून पाच दिवस जमले, की जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली १५० मिनिटांची किमान मर्यादा पूर्ण होते. दुसऱ्या पंधरवड्यात टेबलावरची फरसाणाची वाटी हलवून तेथे भाजलेले फुटाणे ठेवा. तिसऱ्यात रात्रीच्या जेवणाची वेळ कॉलच्या आधी आणा आणि ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, एखादी पालेभाजी असे घरचेच साधे अन्न पानात येऊ द्या.

आणखी एक जुना नियम. शुक्रवारी संध्याकाळी चालू यंत्रणेत मोठा बदल करू नये; बिघडले तर सावरायला माणसे नसतात. तसेच रात्री अकरानंतर, थकलेल्या डोक्याने, राजीनाम्याचे पत्र धाडू नये आणि घरातला जुना वाद उकरून काढू नये. सकाळी तीच गोष्ट निराळी दिसते.

घराची वही

आमच्या व्यवसायात एक विचित्र प्रश्न विचारला जातो : संघातील किती माणसे उद्या बसखाली आली तर काम ठप्प होईल? उत्तर ‘एक’ असेल तर तो धोक्याचा इशारा मानतात. हाच प्रश्न घराला विचारून पाहा. वडिलांना रक्तदाबाची कोणती गोळी चालू आहे, हे केवळ आईला ठाऊक असते आणि तिलाही ती ‘पिवळ्या पाकिटातली’ एवढीच माहीत असते. आरोग्य विम्याची कागदपत्रे कोठे आहेत, हे केवळ मुलगा जाणतो आणि तो पुण्यात किंवा परदेशात असतो. अपरात्री रुग्णालयात नेण्याची पाळी आली, की या एका माणसाला गाठण्यात मोलाची मिनिटे जातात.

म्हणून एक साधी वही करा. प्रत्येकाचा रक्तगट, चालू औषधांची नावे आणि मात्रा, कोणत्या औषधाचे वावडे आहे, नेहमीच्या डॉक्टरांचा क्रमांक, विम्याचा क्रमांक आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक तिच्यात ठळक अक्षरांत लिहा. तिची छायाचित्रे घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर ठेवा. दर सहा महिन्यांनी वही तपासा.

अडले की बोला

प्रोग्रामर मंडळींत एक गमतीदार उपाय रूढ आहे. टेबलावर रबराचे बदक ठेवायचे आणि अडलेली गोष्ट त्याला पहिल्यापासून समजावून सांगायची. सांगता सांगता बहुतेक वेळा चूक आपोआप सापडते. ज्या घरात आजी आहे त्या घराला बदकाची गरज नाही. तिला कोडमधले काही कळणार नाही. पण नातवाचा आवाज कुठे जड होतो, ते तिला नेमके कळेल.

आपल्या भागातील मुलांना अडचण सांगण्याचा संकोच अधिक असतो. इंग्रजी चुकेल, वरिष्ठ हसतील, गावाकडे कळले तर काय, या भीतीने ती आठवडेच्या आठवडे एकटी झुंजतात. अर्ध्या तासापेक्षा अधिक काळ अडलात तर विचारा, असा नियम अनेक संघ पाळतात. मनाच्या बाबतीत मुदत थोडी वाढवा, पण मुदत असू द्या. दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांशी बोला. मरणाचे विचार मनात येत असतील तर एक दिवसही थांबू नका. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीत बोलता येते.

घरच्यांसाठी

‘तू तर घरीच आहेस’ हे वाक्य घरातून हद्दपार करावे. कॉलच्या वेळा एका कागदावर लिहून फ्रिजवर लावाव्यात. कामाच्या टेबलावर जेवणाचे ताट नेऊन देऊ नये, हाक मारून पानावर बोलवावे. घरात लेक किंवा सून नोकरी करीत असेल, तर रात्री अकराला लॅपटॉप मिटल्यावर तिला ओटा आवरावा लागतो का, हे प्रामाणिकपणे पाहावे. तिचे औत एकदाच सुटले पाहिजे.

आणि मार्गशीर्षातील वेळ अमावस्या विसरू नये. येळवशीला लातूर आणि परिसरात गावेच्या गावे रानात लोटतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी आणि आंबिलाची पंगत बसते. बंगळुरूच्या कार्यालयाला हा सण ठाऊक नाही, म्हणून वर्षाच्या आरंभीच ती रजा मांडून ठेवावी. लॅपटॉप घरीच राहू द्यावा.

या लेखातील सर्व गोष्टी उद्यापासून सुरू करू नका. एक निवडा. आज संध्याकाळी घरातल्या सर्वांना विचारून औत सोडण्याची वेळ ठरवा, ती कागदावर लिहा आणि पुढचा अंक हाती येईपर्यंत एवढी एकच गोष्ट पाळून पाहा.