टेकला का खांदा? नांदेड-लातूरच्या कुस्तीशौकिनांचे न संपणारे वाद

नोव्हेंबर २०२३. एकच पैलवान दहा दिवसांत महाराष्ट्र केसरीची फायनल हरलाही आणि जिंकलाही. १० तारखेला पुण्याजवळच्या फुलगावात सिकंदर शेखने झोळी टाकली आणि शिवराज राक्षेला काही सेकंदांत अस्मान दाखवलं. २० तारखेला धाराशिवात त्याच शिवराजने हर्षवर्धन सदगीरला हरवून गदा खांद्यावर घेतली. यात जादू काही नाही. राज्याच्या कुस्ती कारभारात दोन गट, म्हणून ‘महाराष्ट्र केसरी’ही दोन. २०२५ मध्ये तर एकाच जिल्ह्यात दोन महिन्यांच्या अंतराने दोन केसरी झाले: फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि मार्चअखेर कर्जतला वेताळ शेळके. कुस्तीवर वाद घालणाऱ्यांची त्यामुळे चांगलीच सोय झाली. एका वर्षाला दोन उत्तरं असली, की भांडण मिटण्याची भीतीच उरत नाही.

शिवराज नांदेडचा. म्हणजे स्पर्धेच्या कागदावर नांदेडचा. त्याचं गाव राजगुरुनगरजवळचं राक्षेवाडी, तालुका खेड, जिल्हा पुणे. पुणे जिल्ह्यात वजनदार पैलवानांची रांग लागलेली, म्हणून तो लढला नांदेडच्या नावावर आणि नांदेडला आयती गदा मिळाली. नवा मोंढ्यातल्या चहाच्या हॉटेलात यावर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “आपल्या जिल्ह्याचं नाव झालं ना, मग झालं!” दुसरा म्हणतो, “मामा, आपल्या तालमीतला पोरगा कुठंय त्यात?” दुसऱ्याचं म्हणणं मला जास्त पटतं. पण शिवराज जिंकल्यावर पेढे त्यानेही खाल्ले असणार.

लातूरचा मामला नेमका उलटा. पैलवान बाहेरून आणण्याऐवजी लातूरने वस्ताद बाहेर पाठवला. काका पवार मूळचे लातूर तालुक्यातल्या साई गावचे, १९९८ चे अर्जुन पुरस्कार विजेते. त्यांचं आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुल मात्र पुण्यात, कात्रजला. शिवराजही तिथेच घडला. म्हणजे पुण्याचा पैलवान, लातूरचा वस्ताद आणि छातीवर नांदेड. गंजगोलाईत सोळा रस्ते एकत्र येतात. श्रेय नेमकं कोणाचं यावर तिथे सतरा मतं निघतील.

गुरू एक, फायनल तीन

७ जानेवारी २०२०, पुण्यातलं बालेवाडी. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत एका बाजूला हर्षवर्धन सदगीर, दुसऱ्या बाजूला लातूरचा शैलेश शेळके. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. हर्षवर्धन ३-२ असा निसटता जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशलाच खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो तेव्हा राज्यभर गाजला. लातुरात मात्र फोटोपेक्षा गुणांची चर्चा जास्त रंगली. एका गुणाने गदा हुकली की माणूस वर्षानुवर्षं तो एक गुण शोधत बसतो.

बरं, हे एकदाच झालं असतं तर योगायोग म्हणता आला असता. १४ जानेवारी २०२३ ला पुण्यात, कोथरूडमध्ये, पुन्हा तेच: शिवराज राक्षे विरुद्ध महेंद्र गायकवाड, दोघेही कात्रजचे. शिवराजने मिनिटाच्या आत निकाल लावला. आणि त्याच वर्षी धाराशिवात शिवराज विरुद्ध हर्षवर्धन. म्हणजे तिसऱ्या फायनललाही दोन्ही पैलवान त्याच संकुलात घडलेले.

आता शौकिनांना छळणारा प्रश्न बघा. गादीवरच्या कुस्तीत प्रत्येक पैलवानाच्या कोपऱ्यात त्याचा प्रशिक्षक बसतो. तो ओरडून डाव सुचवतो, विश्रांतीच्या तीस सेकंदांत पाणी आणि कानमंत्र देतो. दोघेही आपलेच असतील तर वस्तादाने बसायचं कुठे? कोणाला सांगायचं की समोरच्याचा डावा पाय कच्चा आहे? आणि ते समोरच्याला माहीत नसेल, असं थोडंच आहे? रोज सकाळी एकमेकांशी जोर करणाऱ्यांना एकमेकांचं सगळंच ठाऊक असतं. अशा लढती कधी एका मिनिटात संपतात, तर कधी ३-२ वर रेंगाळतात, त्याचं एक कारण हेच असावं.

कोपऱ्यातला स्पंज

मातीतल्या कुस्तीत वस्तादाचं काम हलगी वाजण्याआधीच संपलेलं असतं. जोड बघून घ्यायची, पोराच्या कानात दोन शब्द सांगायचे, मग कडेला बसून मांडीवर थापा मारायच्या. गादीवर मात्र वस्तादाच्या हातात एक हत्यार दिलेलं असतं आणि ते असतं स्पंजचं. पंचांचा निर्णय पटला नाही तर प्रशिक्षक स्पंजचा मऊ तुकडा गादीवर भिरकावतो. हेच चॅलेंज. मग व्हिडिओ बघितला जातो. दावा बरोबर निघाला तर गुण बदलतात. चुकला, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण आणि हातातलं चॅलेंज संपलं.

यातली सगळ्यात गमतीची तरतूद कट्ट्यावर फारशी कोणाला माहीत नसते. वस्तादाने स्पंज टाकला, पण पैलवानाला तो पटला नाही, तर पैलवान तो उचलून गादीबाहेर परत फेकू शकतो. आणि कुस्ती पुढे सुरू! वस्तादासमोर मान वर करून बोलायचं नाही, अशा शिस्तीत वाढलेल्या आपल्या पोरांना हा अधिकार जागतिक नियमांनी दिलाय. वापरतो कोण, ते सोडा.

एका गुणाचा धोका पत्करून स्पंज टाकायचा की नाही, याचा हिशोब काही सेकंदांत करावा लागतो. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला तो हिशोब कुस्ती संपल्यावर अगदी बिनचूक जमतो.

जगात हे दुखणं फक्त आपल्यालाच नाही. अमेरिकेत कॉलेजांचं फुटबॉल हे असंच गावोगावचं वेड आहे आणि तिथेही शिव्या प्रशिक्षकालाच पडतात: चेंडू फेकायला का सांगितलं, पळायला का नाही सांगितलं. खरं तर हातातला चेंडू पुढे फेकायची परवानगी त्या खेळात १९०६ साली आली, आधीच्या वर्षी मैदानावर बरेच खेळाडू दगावल्यामुळे. सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने त्याच वर्षी पहिला कायदेशीर पास फेकला. तो कोणालाच पकडता आला नाही आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू थेट समोरच्या संघाला मिळाला. चुकलेल्या चॅलेंजचा एक गुण गमावलेल्या कोणत्याही वस्तादाला ही गोष्ट सांगा, तो रॉबिन्सनच्या प्रशिक्षकाला चहा पाजेल.

चार की दोन?

केसरीची अंतिम कुस्ती माती आणि गादी या दोन विभागांच्या विजेत्यांत होते. जानेवारी २०२३ च्या त्याच कोथरूडच्या स्पर्धेत माती विभागाच्या फायनलला महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. महेंद्र जिंकला. मग पुढचे कित्येक दिवस अख्खा महाराष्ट्र मोबाईलवर एकच तुकडा मागेपुढे करत बसला: सिकंदर पाठीवर थेट पडला की कुशीवरून वळला? पैलवान हवेतून थेट धोक्याच्या स्थितीत आदळला तर चार गुण, नाही तर दोन. दोन आणि चारमधलं अंतर म्हणजे सिकंदरच्या पाठीचा काही अंशांचा कोन.

गंमत अशी की काका पवार स्वतः नावाजले ग्रीको-रोमन प्रकारात आणि त्या प्रकारात कमरेखाली हात लावायलाच मनाई. ना पट काढायचा, ना टांग मारायची. ज्या वस्तादाने आपलं नाव पायांना न शिवता कमावलं, त्याच्या पठ्ठ्याच्या टांगेवरून राज्यात रण पेटलं.

टांगेवरच्या या वादात मला एक गोष्ट खटकते. मातीच्या विभागालाही आता गुणांचा तक्ता लागलाय. जत्रेच्या फडात असं काही नसतं. तिथे निकाली कुस्ती म्हणजे चितपट. नाही तर बराच वेळ खडाखडी करून बरोबरीत सोडायची आणि बक्षीस निम्मं निम्मं. प्रेक्षकांनी डाव ओळखायचा, गुण मोजायचे नाहीत. ज्यांची नजर जत्रेत तयार झाली, ते केसरीची कुस्ती टीव्हीवर बघताना पडद्यावरच्या आकड्यांकडे ढुंकूनही बघत नाहीत आणि मग निकालाला चक्रावतात.

चितपट आणि व्हिडिओ

२ फेब्रुवारी २०२५ च्या अहिल्यानगरच्या मैदानाबद्दल नांदेडमध्ये अजूनही हळू आवाजात बोलता येत नाही. गादी विभागाच्या फायनलला पृथ्वीराज मोहोळने शिवराजला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, व्हिडिओ बघा, असं शिवराजचं म्हणणं. ते मान्य झालं नाही आणि शिवराजने पंचांची कॉलर धरली, लाथही मारली. संध्याकाळी मोहोळ-गायकवाड अंतिम लढतीत काही सेकंद उरले असताना महेंद्र पंचांशी वाद घालून गादी सोडून निघून गेला. शिवराज आणि महेंद्र, दोघांवरही ३ वर्षांची बंदी आली.

लाथेचं समर्थन नांदेडातही फार थोडे करतात. खांद्याबद्दल मात्र एकही जण मागे हटायला तयार नाही. आणि इथेच नियमाची मेख आहे. जागतिक कुस्ती संघटनेच्या नियमात बाकी बहुतेक निर्णयांना चॅलेंज करता येतं, चितपटला नाही. कारण असं सांगतात, की चितपट एकटा पंच देतच नाही. गादीच्या प्रमुखाने त्यावर शिक्कामोर्तब करावं लागतं, मग पुन्हा कोणाला विचारायचं? तर्क ऐकायला बरा आहे. पण एका गुणाच्या वादाला व्हिडिओ आणि अख्ख्या कुस्तीच्या निकालाला मात्र दोन-तीन माणसांचे डोळे, हे काही मला झेपत नाही. उलटं असायला हवं होतं.

घाईघाईत थोडं इकडचं तिकडचं

लातूर-नांदेड हा काळ्या मातीचा मुलूख, पण आखाड्याला लागते तांबडी माती. ती बाहेरून आणायची, चाळायची, त्यात ताक, तूप, हळद, लिंबू, कापूर घालून मळायची. सोयाबीन पिकवणाऱ्या मातीत कोणी लंगोट कसून उतरत नाही.

लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे, गाढवं, लावणी आणि कुस्त्यांची दंगल एकाच मुक्कामात बघायला मिळते. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतही फड भरतो, महाशिवरात्रीच्या दिवसांत. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि माझ्या मते सगळ्यात खऱ्या कुस्त्या त्याच. त्यात कोणी खडाखडी करत वेळ काढत नाही.

पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ साली औरंगाबादला सुरू झाली. महिलांची पहिली झाली २०२३ मध्ये, सांगलीला. जिंकली प्रतीक्षा बागडी. मधली बासष्ट वर्षं मुली काय करत होत्या, असं विचारणाऱ्याला एखाद्या वस्तादाने तालमीचा दरवाजा दाखवावा. तो इतकी वर्षं कोणासाठी बंद होता, तेही सांगावं.

बिराजदार मामा विरुद्ध आजचे

निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ ला महाराष्ट्र केसरी झाले, तेही लातुरातच, घरच्या लोकांपुढे. पुढच्याच वर्षी एडिनबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. त्या स्पर्धेत भारताला पाच सुवर्णपदकं मिळाली आणि पाचही कुस्तीतली होती. बेळगावात दिल्लीच्या सतपालशी झालेली त्यांची कुस्ती न बघितलेलेही आज डोळ्यांसमोर घडल्यासारखी सांगतात. नंतर मामांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवली. त्यातलाच एक बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे. २०१८ ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकलं, तेव्हा मामांना जाऊन साडेसहा वर्षं झाली होती.

लातूरच्या जुन्या शौकिनांचा आवडता खेळ म्हणजे काल्पनिक जोड लावणं: ऐन भरातले बिराजदार आणि ऐन भरातला शिवराज, कोण जिंकेल? वाद पहिल्याच वाक्याला अडतो. कुठे लढवायची, मातीत की गादीवर? मातीत लढवली तर वेळेचं बंधन नाही, मामांना बरं. गादीवर सहा मिनिटं आणि मधे तीस सेकंदांची विश्रांती, शिवराजला बरं. कसंबसं ठरलंच, तर पुढचा प्रश्न उभा राहतो. शिवराजच्या कोपऱ्यात स्पंज घेऊन काका पवार बसणार का? कारण काका स्वतः बिराजदार मामांचेच पठ्ठे.