पिवळी पडलेली पेटी

पांढरा सदरा पिवळट पडला की आपल्याकडे त्याला नीळ घालतात. नीळ पिवळेपणा काढीत नाही, झाकते. कपडा डोळ्याला पांढरा दिसतो, एवढेच. संगणकाच्या पेटीला अशी नीळ चालत नाही. कार्यालयाच्या अडगळीत पडलेला जुना कीबोर्ड आपण पाहिला असेल. आणला तेव्हा तो सायीच्या रंगाचा होता. दहा-पंधरा वर्षांनी चहात बुडवून काढल्यासारखा झाला. फडक्याने पुसा, साबणाने घासा, रंग हलत नाही. कारण तो मळ नव्हेच. प्लास्टिकच बदललेले असते.

या पिवळेपणाशी सर्वांत जास्त झुंज दिली ती युरोप-अमेरिकेतील जुन्या घरगुती संगणकांच्या हौशी लोकांनी. घरगुती संगणक म्हणजे कीबोर्डच्या पेटीतच सारे यंत्र बसविलेला संगणक. वेगळा पडदा घ्यावयाचा नाही, घरातल्या टीव्हीलाच जोडावयाचा. १९८२ साली अमेरिकेत कमोडोर ६४ आला, तेव्हा त्याची किंमत ५९५ डॉलर होती, पुढे ती झपाट्याने उतरली. पावाच्या डब्यासारखा त्याचा फुगीर आकार, म्हणून लोक त्याला ‘ब्रेडबिन’ म्हणू लागले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम १२५ पौंडांपासून मिळू लागला. मोठा संगणक ज्यांच्या स्वप्नातही नव्हता, अशा घरांतील मुलांच्या हाती ही यंत्रे पडली. आपल्या देशातही स्पेक्ट्रमची एक आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने ऐंशीच्या दशकात विकली गेली. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा बीबीसी मायक्रो हे ब्रिटनचेच सायीच्या रंगाचे यंत्र निवडक शाळांत आले. एखाद्या शाळेच्या कपाटात ते अजून असेल, तर आज ते नक्की कोणत्या रंगाचे असेल हे न पाहताही सांगता येते.

या पेट्या एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असतात. टणक, चिवट, साच्यात नीट बसणारे हे प्लास्टिक. मुलांचे लेगोचे ठोकळेही याचेच. त्यात रबरासारखा एक घटक असतो, म्हणून पेटी पडली तरी लगेच फुटत नाही. पण ऊन आणि हवेतील प्राणवायू नेमके त्याच घटकाला खातात आणि पिवळा रंग धरतो. विजेच्या वस्तूला आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमिनयुक्त रसायने मिसळीत, त्यांच्यावरही दोष ठेवला जातो. कोणाचा वाटा किती, यावर वाद आहे. एक मात्र कोणालाही दिसते : एकाच यंत्राचे वरचे झाकण पिवळे आणि खालचे स्वच्छ, किंवा साऱ्या कळा ठीक आणि लांब स्पेसबार तेवढा पिवळा. दोन भाग दोन घाण्यांतील प्लास्टिकचे, म्हणून हा भेद.

उपाय सापडला तो आपल्या ओळखीच्या बाटलीत. जखम धुताना फेसाळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड आपण सर्वांनी पाहिले आहे. २००८ च्या सुमारास हौशी लोकांनी एकमेकांचे अनुभव जोडून पेरॉक्साइड आणि ऊन यांची युक्ती पक्की केली. तिला ‘रेट्रोब्राइट’ हे नाव पडले. ज्या उन्हाने पिवळे केले, त्याच उन्हाने पेरॉक्साइडच्या साथीने पांढरे करावयाचे, अशी ही गंमत आहे.

कमोडोर ६४ घेतला, तर त्याच्या पुढच्या कडेखाली तीन स्क्रू असतात. ते काढून झाकण मागच्या बाजूला हलकेच उचलावे लागते, कारण मागे प्लास्टिकच्या खिट्ट्या असतात आणि चाळीस वर्षांत त्या बिस्किटासारख्या ठिसूळ होतात. घाई करणाऱ्याच्या हातात तुकडाच येतो. आतील सर्किट, कीबोर्ड, स्क्रू, स्प्रिंगा बाजूला काढाव्या लागतात. कंपनीच्या नावाची धातूची पट्टी जरा ऊब देऊन सोडवितात. मग कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. कढत पाणी नको, पेटी वाकते. स्पिरिटने कळांवरची छापील अक्षरे जाऊ शकतात आणि अॅसिटोन तर प्लास्टिकच विरघळवून टाकते.

त्यानंतर पारदर्शक डब्यात पेरॉक्साइड घालून भाग त्यात पूर्ण बुडवितात आणि डबा उन्हात ठेवतात. मधून मधून फिरवावे लागते. काही तासांत रंग उतरू लागतो. एवढे द्रावण आणणे महाग पडते, म्हणून काहीजण केस रंगविणाऱ्या पार्लरमधील १२ टक्क्यांची दाट क्रीम ब्रशने लावून वर प्लास्टिकचा कागद गुंडाळतात. पण क्रीम एखाद्या ठिकाणी वाळली की तेथे ढगासारखे डाग उठतात, आणि ते पिवळ्यापेक्षा वाईट दिसतात. बुडविण्याची पद्धत खर्चिक असली तरी मला तीच बरी वाटते.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळते त्या बाटलीवर बहुधा ‘२० व्हॉल्यूम’ असे लिहिलेले असते. म्हणजे एक लिटर द्रावणातून वीस लिटर प्राणवायू सुटतो. टक्केवारीत ते सुमारे ६ टक्के. हा हिशेब घरातील भगिनींनीही ध्यानात ठेवावा, कारण याच बाटलीत सारा धोका आहे. कडक द्रावण हाताला लागले तर कातडी पांढरी पडून चुरचुरते, डोळ्यात गेले तर इजा होते. रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. डब्याचे झाकण कधीही घट्ट लावू नये. वायू साठून डबा फुटतो. आणि लहान मुले जेथे खेळतात तेथे हा खटाटोप करूच नये.

एवढे करून पेटी पांढरी होते, पण प्लास्टिक नवे होत नाही. झिजलेले ते झिजलेलेच राहते, आणि कित्येक पेट्या काही वर्षांत, अंधाऱ्या कपाटात ठेवूनही, पुन्हा पिवळ्या पडल्या आहेत. तडा गेलेला कोपरा भरावयाचा, तर एबीएसचेच तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून त्याची खीर करतात आणि आतल्या बाजूने लावतात. हे काम मला रंग उतरविण्याहून जास्त मोलाचे वाटते, कारण त्याने पेटी खरोखर टिकते.

काहीजण मात्र जुनी पेटी जपण्याऐवजी नवी करतात. कोणी आरपार दिसणारी पेटी बसवितात, कोणी रंगीत कळा, कोणी मोटारीच्या गॅरेजमधला चकचकीत रंग मारतात. कमोडोर ६४ च्या १९८६ साली आलेल्या चपट्या आवृत्तीचे मूळ साचेच पुढे हौशी लोकांच्या हाती आले आणि त्यांतून नव्या रंगांच्या पेट्या निघाल्या. हे मला आवडते. नवी पेटी मिळते आहे, तर जुनीवर रंग कशाला ओतावयाचा? कमोडोर ६४ लाखोंनी खपला, त्याची एखादी फुटकी पेटी रंगविली तर बिघडत नाही. थोडीच उरलेली यंत्रे रंगविणे मात्र मला पटत नाही. एकदा मारलेला रंग प्लास्टिकला धक्का न लावता क्वचितच निघतो.

पांढऱ्या पेटीला बाजारात भाव जास्त येतो, हेही यामागे आहे. त्या भावासाठी पेटीच्या पोटावरची लेबले खरवडली जातात, मुलाने पेनाने लिहिलेले नाव पुसले जाते, शाळेचा नोंद क्रमांक घासून काढला जातो. स्पेक्ट्रमचे उदाहरण घ्या. त्याची देखणी काळी पेटी आणि रबरी कळा रिक डिकिन्सन या रचनाकाराने आखल्या, आणि त्याचे नाव पुस्तकांत आहे, ते योग्यच आहे. पण यंत्रे जोडली गेली स्कॉटलंडमधील डंडी शहरात, टायमेक्सच्या कारखान्यात, आणि तेथील कामगारांत बायकांची संख्या मोठी होती. १९९३ साली संप झाला, कामगारांना बाहेर काढण्यात आले आणि त्याच वर्षी कारखाना बंद पडला. त्या बायकांचे नाव कोणत्याही पेटीवर नाही. पेटीच्या तळाशी असतो तो फक्त एक क्रमांक.

तळाचा भाग टेबलाकडे असतो, त्याला ऊन फारसे लागत नाही, त्यामुळे तो पिवळाही कमीच पडतो. म्हणून तो पेरॉक्साइडच्या डब्यात घालण्याची गरजच नसते. लेबल कोरडे ठेवून बाकीचा भाग ओल्या फडक्याने पुसला की पुरते.