डायनोवरची अश्वशक्ती आणि हवेचा हिशेब

डायनोच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर बरेचदा दोन आकडे असतात: मोजलेली अश्वशक्ती आणि दुरुस्त अश्वशक्ती. दुसरा आकडा मोठा दिसला, की ट्यूनिंगने ताकद वाढली असं अनेकांना वाटतं. तसं नसतं.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा विरळ, एप्रिलच्या दुपारी आणखीच. पेट्रोल इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो, ताकद खरोखर घटते. हवामान-गुणक मोजलेला आकडा 25 अंश आणि 990 मिलिबार कोरड्या हवेच्या पायावर आणतो; तीच दुरुस्त अश्वशक्ती. सोयाबीन विकताना ओलावा मोजून वजन धरतात, तसंच. पोत्यातले दाणे तेच राहतात.

खरी चूक या गुणकासाठी हवेचा दाब भरताना होते. मोबाइलच्या हवामान अ‍ॅपवर 1008 मिलिबार दिसतात, पण तो दाब समुद्रसपाटीवर उतरवलेला असतो. डायनोजवळच्या दाबमापकावर तेव्हा 945च्या आसपास काटा असतो. 37 अंशांना मोजलेली 100 अश्वशक्ती मोबाइलच्या दाबाने 103 होते, खऱ्या दाबाने सुमारे 111.

तरी 111 वरही फार विसंबू नये. आयएसओ 1585 हे मानक 0.93 ते 1.07 एवढाच गुणक ग्राह्य धरतं. इथल्या गॅरेजवाल्यांनी चाचणी हिवाळ्यातल्या सकाळी, 20 अंशांच्या आत घ्यावी. तेव्हा गुणक जेमतेम मर्यादेत बसतो. टर्बो इंजिन हवा दाबून घेतं, म्हणून त्याला साध्या पेट्रोल इंजिनाचा गुणक लावू नये.