करडईच्या फुलाचा रंग : सौद्यापूर्वी हे पाहा

कुसुंबी रंग हा आपल्या रंगरेजांचा जुना रंग. तो करडईच्या पाकळ्यांतून निघतो. १८५६ साली विल्यम पर्किनने डांबरापासून जांभळा रंग बनविला. पुढे कारखान्यांच्या स्वस्त आणि पक्क्या रंगांनी कुसुंब्याचा धंदा बसवला. तरीही नैसर्गिक रंगाचे कापड करू इच्छिणाऱ्या कारागिरांना हा माल घ्यावा लागतो, आणि फसगत इथेच होते.

पाकळीचा रंग ठरविणारी पहिली गोष्ट म्हणजे वाण. काही वाणांची फुले पिवळी, काहींची नारिंगी किंवा लाल, तर काहींची पांढरी असतात. काही वाणांचे फूल पिवळे उमलते आणि कोमेजताना तांबडे होते. पाकळीतील एका घटकाचे रूपांतर कार्थामिन या लाल द्रव्यात होत असल्याने हा बदल घडतो. शेवटपर्यंत पिवळ्याच राहणाऱ्या पाकळीत लाल रंग फारसा मिळत नाही. म्हणून शेतातले ताजे फूल पाहून भाव ठरवू नये. सुकलेली पाकळी पाहावी.

दुसरी गोष्ट म्हणजे तोडणीची वेळ. फूल कोमेजू लागल्यावर पाकळ्या काढल्या तर रंगही चांगला येतो आणि दाणे धरलेले असल्याने शेतकऱ्याचे तेलबियांचे उत्पन्नही बुडत नाही. काटेरी झाडावर मजूर हात घालायला तयार नसतात. त्यासाठी फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नारी-६’ हा बिनकाटेरी वाण काढला आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे वाळवण. पाकळ्या सावलीत वाळवाव्यात. कडक उन्हात लाली उडते, आणि ओल राहिली तर माल काळवंडतो.

रंग काढताना पाकळ्या पोत्यात बांधून गार पाण्यात पुन्हा पुन्हा धुवाव्यात. त्यात पिवळा रंग निघून जातो. मग सोड्याच्या पाण्यात लाल रंग उतरतो. त्या पाण्यात लिंबू पिळले की तो कापडावर बसतो. पाणी तापवू नये. लाल द्रव्य पाकळीत शेकडा एक भागाहूनही कमी असते, त्यामुळे हा रंग महाग पडणारच.

शेवटी एक गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगावी : कुसुंबी रंग उन्हात विटतो. हे लपवून विकलेले एक ठाण दहा गिऱ्हाइके तोडते.