पदपथ तुटतो, तिथेच धोका सुरू होतो

खास प्रतिनिधी

पुणे - शहरातील एखाद्या मध्यम रुंदीच्या रस्त्याच्या पदपथावरून अर्धा किलोमीटर सरळ चालत जाण्याचा प्रयत्न केला, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. पदपथ आहे, परंतु तो सलग नाही. सोसायटीच्या फाटकाशी तो खाली उतरतो आणि फाटक संपताच पुन्हा चढतो. पुढे विजेची डीपी आडवी येते, तिच्यामागे दुकानाची पायरी. बसथांब्याच्या शेडने पूर्ण रुंदी व्यापलेली असते. आणि चौक जवळ आला, की पदपथ निमुळता होत होत संपून जातो. गुडघे दुखणारी वृद्ध व्यक्ती, बाळाला कडेवर घेतलेली आई किंवा चाकाच्या खुर्चीवरील माणूस अशा वेळी काय करणार? तो खाली उतरून डांबरी रस्त्याच्या कडेने चालू लागतो. महापालिकेच्या दप्तरी मात्र या अर्ध्या किलोमीटरचा पदपथ ‘पूर्ण’ झालेला असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ३२,८२५ जण पायी चालणारे होते. दिवसाला सुमारे नव्वद. हा आकडा समोर आला, की दोन उत्तरे हमखास दिली जातात: लोकांना शिस्त नाही आणि पदपथांची लांबी कमी आहे. दोन्हींत तथ्य आहे. पण रस्त्याच्या रचनेचे शास्त्र तिसऱ्याच गोष्टीकडे बोट दाखवते. पादचारी आणि सायकलस्वार यांचा जीव धोक्यात येतो तो त्यांचा मार्ग जिथे तुटतो त्या जागी, आणि तिथे वाहनाचा वेग किती आहे त्यावर त्या चुकीची किंमत ठरते.

वेगाचे गणित

प्रथम वेगाचा विचार करू. चालकाला समोर माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, असे धरले जाते. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर हा एक सेकंद धरून सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार त्या पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे पहिली मोटार जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे दुसरीच्या चालकाने अजून ब्रेक दाबलेलाही नसतो. तेवढ्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसापुढे पहिली गाडी थांबते; दुसरी त्याला पूर्ण वेगाने धडकते. दोघांच्या वेगातील फरक केवळ वीस किलोमीटरचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, की प्राणघातक अपघाताची जोखीम सुमारे चार टक्क्यांनी वाढते. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मधील स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी व सायकलस्वार वाहनांमध्ये मिसळतात अशा रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे म्हटले गेले. हेलसिंकी शहराने निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ही मर्यादा आणली. जुलै २०२४ ते जुलै २०२५ या वर्षात तेथे रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. आपल्याकडे केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेने महापालिका हद्दीतील मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी ७० किलोमीटर ठेवली. ही केवळ वरची मर्यादा आहे. राज्य सरकारला तीपेक्षा कमी मर्यादा ठरविता येते. शाळा, रुग्णालये आणि मंडईच्या परिसरात ती ठरविण्यास कोणी हात धरलेला नाही.

अर्थात फलक लावला म्हणजे वेग कमी होतो, असे मानण्याइतका पुणेकर भाबडा नाही. वेग फलकाने नव्हे, रस्त्याच्या आकाराने उतरतो. मार्गिका रुंद असली, की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला जातो. अरुंद असली, की उचलला जातो. गतिरोधकांचेही तसेच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे त्यावरून ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखरूप जाता येते. गल्लोगल्ली रात्रीतून उगवणारे उंच, तीक्ष्ण उंचवटे या मापाच्या जवळपासही नसतात. मोटारीला ते जेमतेम जाणवतात. सायकलस्वाराला मात्र पाडतात. त्यापेक्षा झेब्रा क्रॉसिंगच पदपथाच्या पातळीइतके उंच करावे, हा उपाय अधिक शहाणपणाचा. वाहन चढून उतरते, माणूस सपाट चालतो.

सहा फूट रुंदी, सहा इंच उंची

पदपथासाठीही मानके आहेत आणि ती फार अवघड नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. ‘मोकळी’ हा शब्द महत्त्वाचा. खांब, झाड, डीपी, बाक, थांबा हे सारे वगळून जी उरते ती. चाकाच्या दोन खुर्च्या समोरासमोरून जाऊ शकतील, हा त्यामागचा हिशेब. उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी, असेही त्यात आहे. आपल्याकडे वाहने वर चढू नयेत म्हणून पदपथ उंच करण्याची हौस आहे. परिणाम असा होतो, की दुचाकी तरीही उताराच्या जागेवरून वर येते आणि पंचाहत्तरीचे आजोबा मात्र खालून चालतात.

खरी मेख फाटकाशी आहे. मोटार सोसायटीत शिरावी म्हणून आपण पदपथ कापतो. वास्तविक पदपथ तसाच, त्याच पातळीवर पुढे न्यावा आणि मोटारीला रस्त्याच्या कडेने छोटा उतार द्यावा, असे करता येते. मग माणूस गाडीच्या वाटेत आलेला नसतो, गाडी माणसाच्या वाटेत आलेली असते. आणि चालकालाही ते चाकाखाली जाणवते. नेदरलँड्समध्ये लहान उपरस्त्यांच्या तोंडाशीही पदपथ असाच अखंड नेतात. यासाठी जादा जागा लागत नाही आणि जादा निधीही फारसा नाही. काम करताना पातळी बदलायची नाही, एवढे कंत्राटदाराला सांगावे लागते. ते निविदेत लिहिलेले नसेल, तर तो पूर्वीसारखेच करणार.

जंगली महाराज रस्त्याचे उदाहरण यासंदर्भात नेहमी दिले जाते. सत्तरच्या दशकात बांधलेल्या आणि वर्षानुवर्षे खड्ड्यांविना टिकलेल्या या रस्त्याची कीर्ती सर्वश्रुत आहे. २०१७ च्या सुमारास त्याच्या काही भागात पदपथ रुंद करून, बाके, झाडे आणि सायकल मार्ग यांसह नवी रचना करण्यात आली. संध्याकाळी तेथे बसलेली, रेंगाळणारी माणसे पाहिली, की जागा दिली तर पुणेकर चालतो, याची खात्री पटते. तेथील सायकल मार्गावर सायकली किती आणि चालणारे किती, हा प्रश्न मात्र वेगळा.

सायकल मार्ग कोणासाठी?

सायकलींचे शहर ही पुण्याची जुनी ओळख आज केवळ भाषणांपुरती उरली आहे. ती परत आणण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटीचा प्रायोगिक टप्पा सुरू झाला, तेव्हा पदपथ आणि सायकल मार्ग हे त्या आराखड्याचेच भाग होते. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनांची नव्हे, तर माणसांची ये-जा हा केंद्रबिंदू मानला होता. २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. त्याच वर्षाअखेर भाड्याच्या सायकली आल्या, रस्तोरस्ती दिसल्या आणि अल्पावधीतच नाहीशाही झाल्या.

या प्रयत्नांत एक चूक सातत्याने होत आली. सायकल मार्ग सरळ रस्त्यावर बांधला गेला आणि चौकापूर्वी सोडून दिला गेला. सरळ रस्त्यावर, दोन चौकांच्या मध्ये, सायकलस्वार कडेने कसाबसा जातोच. त्याला आधार हवा असतो तो चौकात, जिथे डावीकडे वळणारी बस त्याच्या अंगावर येते. बसच्या डाव्या बाजूला, अगदी लगत असलेला सायकलस्वार चालकाला आरशातही दिसत नाही. त्यामुळे थांबरेषेच्या पुढे सायकलींसाठी वेगळी जागा, म्हणजे सिग्नल सुटताना सायकली आधी आणि डोळ्यांसमोर, ही रचना केवळ रंगकामाच्या खर्चात होण्यासारखी आहे. बसथांब्याशी सायकल मार्ग शेडच्या मागून नेणे थोडे अधिक कष्टाचे. पण अशक्य नव्हे.

आणखी एक. सायकल म्हटले, की आपल्या डोळ्यांसमोर रविवारी सकाळी शिरस्त्राण घालून सिंहगडाकडे निघालेली मंडळी येतात. त्यांचे स्वागतच आहे. परंतु रोज सायकलवर अवलंबून असणारा माणूस निराळा आहे. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून परतणारा सुरक्षारक्षक, बांधकामावर जाणारा मजूर, शाळेत जाणारी मुलगी. पेव्हर ब्लॉकवर चाक खडखडते, दर पन्नास मीटरवर खाली उतरावे लागते, प्रवेशाशी लोखंडी खांब इतके जवळ रोवलेले की कॅरिअरवरचा डबा अडकतो. मग तो त्या मार्गाकडे पाठ फिरवतो आणि ‘सायकल मार्ग कोणी वापरतच नाही’ असा शेरा अहवालात जातो.

चोवीस मीटर आणि वीस सेकंद

रस्ता ओलांडणे हा चालणाऱ्याच्या प्रवासातील सर्वांत धोक्याचा भाग. निरोगी माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो, असे सिग्नलच्या आखणीत धरले जाते. २४ मीटर रुंद रस्ता ओलांडण्यास त्याला वीस सेकंद लागतील. काठी टेकत, सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या आजींना तीस. हिरवा माणूस पंधरा सेकंदच दिसत असेल, तर आजी दुभाजकापाशी अडकतात, आणि तिथे उभे राहायला जागाच नसते. दुभाजक दीड-दोन मीटर रुंद करून मध्ये सुरक्षित थांबा दिला, तर तोच रस्ता दोन टप्प्यांत ओलांडता येतो. एका वेळी एकाच दिशेचे वाहन पाहावे लागते.

कोपऱ्याच्या वळणाचेही असेच आहे. वळण जितके मोठे आणि गुळगुळीत, तितके वाहन न थांबता, न पाहता डावीकडे वळते. कोपरा थोडा काटकोनात आणला, पदपथ पुढे आणला, की ओलांडायचे अंतर कमी होते आणि वळणारा चालक ब्रेक दाबतो. ‘फ्री लेफ्ट’ ही सोय वाहनांना सेकंद मिळवून देते. ते सेकंद कोणाच्या वाट्याचे काढून दिले, हे कोणी विचारत नाही.

कायदा काय म्हणतो?

झेब्रा क्रॉसिंगवर पादचाऱ्याला प्राधान्य देणे चालकावर बंधनकारक आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९८-अ कलमानुसार रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल मानकांप्रमाणे नसल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणा, कंत्राटदार वा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळाविरहित पदपथाचा हक्क घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे म्हटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच प्रकरणात पादचाऱ्यांविषयीचे आणि रस्त्यांच्या रचनेविषयीचे नियम राज्यांनी सहा महिन्यांत करावेत, असा आदेश दिला. पुणे महापालिकेने तर २०१६ मध्येच पादचारी धोरण स्वीकारले होते. कागदावर उणीव अशी कोठेही नाही.

जागा कोणाची काढायची?

उणीव आहे ती जागेच्या वाटपात. पदपथ रुंद करायचा तर कोणाची तरी जागा जाणार, आणि ती बहुतांशी उभ्या वाहनांची असते. व्यापाऱ्यांची धास्ती खोटी नाही. गिऱ्हाइकाला दारात गाडी लावता आली नाही, तर ते दुसरीकडे जाईल, असे त्यांना वाटते. २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर झाले. परंतु रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे मोजावे लागणार म्हणताच विरोध झाला आणि अंमलबजावणी वर्षानुवर्षे रखडली. दुसरीकडे, २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याच्या काही भागात वाहने बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला जाऊ लागला. गर्दी झाली, मुले रस्त्यात खेळली. वर्षातून एक दिवस का होईना, प्रयोग दिसला. फेरीवाल्यांनाही सरसकट दोषी धरणे सोपे आहे. पण २०१४ च्या कायद्याप्रमाणे त्यांना जागा आखून देणे हे महापालिकेचेच काम होते, आणि पदपथावरील डीपी वा चेंबर फेरीवाल्याने बसविलेले नाहीत.

निधीचा प्रश्न त्यामानाने गौण. महापालिका २००६ पासून नागरिक सहभाग अंदाजपत्रकासाठी प्रभागांतील कामे नागरिकांकडून मागवते. त्या अर्जात ‘पदपथ दुरुस्त करावा’ एवढेच मोघम लिहिले, तर उत्तरादाखल पेव्हर ब्लॉकचा नवा थर मिळण्याची शक्यता अधिक. त्याऐवजी अमुक फाटकाशी पदपथाची पातळी कायम ठेवावी, अमुक चौकातील दुभाजकात थांबा द्यावा, अमुक ठिकाणची डीपी कडेला सरकवावी, असे ठिकाण आणि माप देऊन लिहिता येते. १.८ मीटर म्हणजे सुमारे सहा फूट, आणि १५० मिलिमीटर म्हणजे सुमारे सहा इंच. घरातील मोजपट्टी त्यासाठी पुरेशी आहे.